चिठ्ठी वाचणारा आता बदललाय: खान्देशातल्या डॉक्टर-वकिलांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व डॉक्टर मंडळी आणि वकीलसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

ही चार अक्षरं लिहिली की 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' एवढं सगळं पोचतं, कारण लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. तेव्हा संक्षेपांवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. पाकिटावर मु. पो., ता., जि. आणि लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. लिहिणारी माणसं आपण. राग आहे तो दोन कागदांवर. एक तुमची औषधाची चिठ्ठी, दुसरा कोर्टाचा कागद. एकावर माणसाचा जीव टांगलेला असतो, दुसऱ्यावर जमीन, आणि नेमके तेच दोन कागद त्याला वाचता येत नाहीत. याचं कारण दर वेळी अडाणीपण नसतं. बी. ए. झालेला मुलगाही चिठ्ठीवरचं 'टीडीएस' वाचून माझ्या तोंडाकडे बघत राहतो.

मी शिरपूर तालुक्यात मेडिकल चालवते. फार्मसीच्या पदविकेला चिठ्ठीतलं लॅटिन पाठ करून घेतात, म्हणून मला ते येतं. गिऱ्हाइकाला कुठून येणार? सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा आदिवासी माणसं येतात, तापीकाठच्या गावांतून अहिराणी बोलणारी येतात, आणि बाजाराच्या दिवशी तर काउंटरवर एकच प्रश्न फिरत असतो: "ताई, हाई गोयी कव्हय लेवानी?" म्हणजे, ही गोळी कधी घ्यायची? चिठ्ठीवर उत्तर लिहिलेलं असतं. फक्त ते त्याच्यासाठी नसतं, माझ्यासाठी असतं.

सगळी गडबड इथेच आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करते. चिठ्ठीच्या डोक्यावर तुम्ही 'आरएक्स'सारखं जे चिन्ह काढता, ते 'रेसिपे' या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर, पायावर तिरपी रेघ मारलेलं. अर्थ 'घे'. स्वयंपाकाची रेसिपी याच शब्दातून आली. आधी ती औषधाची होती, मग भाजीची झाली. हा 'घे' रुग्णाला उद्देशून नाही. तो औषध बनवणाऱ्याला आहे: हे इतकं घे, ते तितकं घे, खलात घोट, बाटलीत भर. त्या काळी गोळ्या कंपनीतून बंद पाकिटात येत नव्हत्या. डॉक्टर द्रव्यं आणि मापं लिहायचे, औषध दुकानात तयार व्हायचं. अशा चिठ्ठीच्या शेवटी आणखी एक लॅटिन शब्द असायचा, 'सिग्ना'. म्हणजे 'लेबल लिही'. औषध कधी घ्यायचं, किती घ्यायचं, हे रुग्णाला समजेल अशा शब्दांत बाटलीवर लिहून दे, असा तो हुकूम.

म्हणजे जुन्या पद्धतीत लॅटिन होतं आणि ते उलगडून सांगण्याची जबाबदारीही त्याच कागदावर लिहिलेली होती. रुग्ण चिठ्ठी नुसती पोचवायचा, वाचायचा ती दुकानदार, आणि रुग्णानं वाचायचं ते बाटलीवर असायचं. आपल्याकडे कंपाउंडरच्या हातच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना बाटलीवर चिकटवलेली ती कातरलेली कागदी पट्टी आठवत असेल. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती वाचता यायची.

आता खल गेला, बाटली गेली, पट्टी गेली. लेबल लावायला जागाच उरली नाही. स्ट्रिपवर कंपनीचं नाव, किंमत आणि बारीक इंग्रजी. लॅटिनचा पहिला अर्धा भाग तुम्ही चालू ठेवलात, 'सिग्ना'चा अर्धा भाग मात्र कोणीच चालू ठेवला नाही. आम्ही मेडिकलवाले गर्दी नसेल तर समजावून सांगतो, गर्दी असेल तर स्ट्रिपवर पेनानं दोन रेघा ओढतो आणि पुढच्याला हाक मारतो. चारच गोळ्या हव्या असल्या की स्ट्रिप कापताना औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते, हेही आमच्याच धंद्यातलं. त्यामुळे या पत्रात जे म्हणतेय ते आमच्या लोकांनाही लागू आहे. पण चिठ्ठी लिहिणारा हात तुमचा आहे.

मुळात ही अक्षरं आहेत तरी काय? 'ओडी' म्हणजे 'ओम्नी दिए', रोज एकदा. 'बीडी' म्हणजे 'बिस दिए', दोनदा. 'टीडीएस' म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', तीनदा घ्यावे. 'क्यूआयडी' चारदा. 'एचएस', 'होरा सोम्नी', झोपेच्या वेळी. 'एसी' जेवणाआधी, 'पीसी' जेवणानंतर. 'स्टॅट' ताबडतोब. आता हेच आमच्या कानांनी ऐका. ओडी बँकेतून काढतात. बीडी ओढतात. टीडीएस ठेवीच्या व्याजातून कापला जातो. एसी उन्हाळ्यात लावतात, ज्याला परवडतो तो.

'एसओएस'ची तर वेगळीच कथा. एका आजीच्या तापाच्या गोळीपुढे ते लिहिलं होतं. नातवानं मोबाइलवर शोधलं, तर जहाज बुडायला लागलं की पाठवायचा संकेत निघाला. पोरगं घाबरलं आणि आजीला मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याला घेऊन आलं. चिठ्ठीतलं एसओएस म्हणजे 'सी ओपुस सित', गरज पडली तर. डॉक्टरांना म्हणायचं होतं की ताप चढला तरच द्या. नातवानं वाचलं, जीव वाचवा. ही गोष्ट मी हसत सांगते, कारण आजीला काही झालं नाही. उलटं झालं तर हसण्यासारखं नसतं. 'गरज पडली तर' याला वरची मर्यादा कुठे आहे? अंग ठणकतंय म्हणून माणूस पॅरासिटामॉल दर दोन तासांनी घेतो, कारण त्याला गरज दर दोन तासांनी पडते, आणि मार यकृतावर बसतो. दोन गोळ्यांत किती तास जाऊ द्यायचे आणि दिवसभरात जास्तीत जास्त किती घ्यायच्या, हे लिहिल्याशिवाय एसओएस अर्धवटच आहे, मग ते लॅटिनमध्ये लिहा की मराठीत.

हे लक्षात घ्या, की नुसतं मराठी केल्यानं काम होत नाही. 'जेवणाआधी' असं लिहिलंत तरी कोणाचं जेवण? कापूस वेचायला जाणारी बाई सकाळी चहा पिऊन निघते, भाकर आणि ठेचा बांधून नेते, आणि ती भाकर दहा-अकराला शेताच्या बांधावर सोडते. तिच्या हिशेबी चहा म्हणजे जेवण नाही. मग थायरॉईडची गोळी ती चहानंतर आणि भाकरीआधी घेते, अगदी प्रामाणिकपणे, आणि तपासणीत आकडा खाली येत नाही म्हणून तुम्ही डोस वाढवता. तिथे 'उठल्याबरोबर, पाण्यासोबत, चहाच्या अर्धा तास आधी' असंच लिहायला हवं. 'झोपताना'चंही तेच. ॲलर्जीच्या गोळीनं गुंगी येते म्हणून ती रात्री सांगणं बरोबर आहे. पण रावेर, यावल, चोपड्याकडे शेतीपंपाची वीज रात्रीची असते तेव्हा केळीवाला गोळी घेऊन आडवा होतो आणि मध्यरात्री उठून, डोळ्यांवर गुंगी असताना, मोटार सुरू करायला विहिरीवर जातो. त्याला 'लाईट कव्हयनी शे', वीज कधीची आहे, एवढं विचारायला किती वेळ लागतो?

काही अक्षरं मात्र सरळ धोक्याची आहेत, त्यांची सूट मी कोणालाच देणार नाही. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं 'यु' लिहिलं आणि पेन घाईत फिरलं की ते शून्य दिसतं. १० चे १०० होतात. आपल्याकडे तर इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींत येतं, सिरिंजही दोन वेगळ्या; त्यात ही भर कशाला? अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ साली जी अक्षरं चिठ्ठीत वापरायचीच नाहीत अशी यादी काढली, तिच्यात हे 'यु' आहे. रोज एकदा या अर्थाचं 'क्यूडी'ही आहे, कारण मधला ठिपका जरा लांबला की ते 'क्यूआयडी' होतं आणि एका गोळीच्या चार होतात. दशांशानंतरचं फुकटचं शून्यही तिच्यात आहे: १.० मधलं टिंब पुसट झालं की १० उरतात. 'ओडी'चा आणखी एक घोळ डोळ्यांच्या चिठ्ठीत होतो. तिथे ते 'ओक्युलुस देक्स्तेर', उजवा डोळा. थेंबांच्या बाटलीपुढे नुसतं 'ओडी' लिहिलेलं असलं की मी तरी ठामपणे काय सांगू, रोज एकदा की उजव्या डोळ्यात? नंदुरबार-नवापूरकडची माणसं उपचाराला सुरतेला जातात, तिथली चिठ्ठी इथे आणतात, आणि विचारायला तो डॉक्टर जवळ नसतो.

मेथोट्रेक्सेटसाठी वेगळं सांगते. सांधेवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो. असं जगभरात झालेलं आहे. तिच्यापुढे नुसतं 'वीकली' लिहून मोकळे होऊ नका, वार लिहा. मी सांगते, "बाजाराच्या दिवशी एक, बाकी दिवशी या पाकिटाला हात लावायचा नाही." बाजाराचा दिवस खान्देशात कोणी विसरत नाही.

दवाखान्यातून सुटी देताना जे कार्ड देता, त्यातल्या दोन अक्षरांबद्दलही बोलायचं आहे. 'आय. ई.' म्हणजे 'इद एस्त', म्हणजेच, हेच आणि एवढंच. 'ई. जी.' म्हणजे 'एक्झेम्प्ली ग्रातिया', उदाहरणार्थ, म्हणजे आणखीही असू शकतात. किडनी कमजोर झालेल्या माणसाच्या कार्डावर लिहिलेलं असतं, पोटॅशियम जास्त असलेले पदार्थ टाळा, आय. ई. केळी. आता तो माणूस भुसावळकडचा, ज्याच्या घरात बाराही महिने केळी. बिचारा केळीवर पाणी सोडतो, मोठ्या कष्टानं, आणि त्या बदल्यात शहाळं प्यायला लागतो, टमाटे आणि बटाटे भरपूर खातो. यांतही पोटॅशियम आहेच. लिहिणाऱ्याला 'उदाहरणार्थ केळी' म्हणायचं होतं. इथे चूक लॅटिन न येणाऱ्या रुग्णाची नाही. लिहिणाऱ्यालाच ते पुरतं आलं नव्हतं.

तुमच्यातले काही म्हणतील, आता अक्षर सुधारलंय, नियमच आहे. खरं आहे. मेडिकल कौन्सिलनं २०१६ साली आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधांची नावं जेनेरिक, वाचता येतील अशी आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असं सांगितलं. त्याचा मला फायदा झाला, औषधाचं नाव तरी ओळखू येतं. पण कॅपिटलमध्ये लिहिलेलं 'बीडी' हे मोठ्या अक्षरातलं लॅटिनच झालं. छापील चिठ्ठीवर १-०-१ असे आकडे टाकणारे डॉक्टर वाढलेत, ते मला सगळ्यात जास्त आवडतात. सकाळ, दुपार, रात्र. पाड्यावरची बाईसुद्धा एकदा सांगितलं की ते बोटानं दाखवते.

आता वकीलसाहेब, तुमच्याकडे वळते.

डॉक्टरांची आणि तुमची लॅटिनमध्ये गाठ पडते ती 'रेस इप्सा लोक्वितुर' या वचनापाशी. गोष्ट स्वतःच बोलते. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात टॉवेल राहून बाई दगावली होती. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली तिथे हे तत्त्व लावलं. निष्काळजीपणाचा आणखी काय पुरावा पाहिजे, टॉवेलच सांगतोय. असलं काही वाचलं की लॅटिनचं कौतुक वाटतं. 'ऑदी आल्तेराम पार्तेम', दुसऱ्या बाजूचंही ऐक. 'नेमो युदेक्स इन काउसा सुआ', स्वतःच्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये. ही वचनं तुमच्या युक्तिवादांत गाजू द्यात, मला त्यांचं काहीच वावडं नाही. वावडं आहे ते आशिलाला समजावताना तोंडातून तशीच निसटणाऱ्या शब्दांचं.

'स्टेटस को'चंच बघा. मराठीत त्याला 'जैसे थे' इतका नेमका शब्द आहे, वर्तमानपत्रं तो सर्रास छापतात. तरी कोर्टाच्या पायरीवर तुम्ही आशिलाला सांगता, "भाऊ, स्टेटस को मिळाला." तो आनंदानं पेढे वाटतो. त्याला वाटतं आपण जिंकलो. बांध दोघांनीही हलवायचा नाही, त्यानंसुद्धा नाही, हे त्याला कळतं ते ट्रॅक्टर घातल्यावर आणि अवमानाची नोटीस आल्यावर. 'कॅव्हेट'चंही तसंच. शब्दाचा अर्थ 'त्यानं सावध राहावं'. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीनं कलम १४८-अ आलं, आणि आपल्याला न विचारता समोरच्याला मनाई हुकूम मिळू नये म्हणून कॅव्हेट टाकायची सोय झाली. पण ते ९० दिवसच चालतं. पुढे पुन्हा टाकावं लागतं. गावात लोक "आपण कॅव्हेट टाकून ठेवलंय" असं वर्षानुवर्षं सांगत फिरतात, जणू सातबाऱ्यावर नोंदच झाली.

आमच्या नात्यातल्या एका काकांना त्यांच्या वकिलांनी सांगितलं होतं, "तुमचं मॅटर एक्स पार्टे झालंय." काकांना वाटलं पार्टी बदलली, म्हणजे समोरच्या लोकांत कोणी तरी नवीन आलं. ते घरी आले आणि गप्प बसले. एकतर्फी, म्हणजे आपल्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा रद्द करून घ्यायला अर्ज करायचा तर मुदत ३० दिवसांची असते. त्यांनी 'एकतर्फी' एवढा एक शब्द ऐकला असता तर दुसऱ्याच दिवशी उठून धुळ्याला गेले असते. हा शब्द नवीन घडवायचा नाही, कोर्टाच्या मराठीत तो कधीपासून आहे.

सगळ्यात जास्त बोचतं ते 'इन कॅमेरा'. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. इन कॅमेरा सुनावणी म्हणजे बंद दाराआड, लोकांना बाहेर ठेवून घेतलेली सुनावणी. अत्याचाराच्या खटल्यात कायद्यानं ती तशी घ्यावी लागते, पीडितेची लाज आणि ओळख राखायला. आणि मराठीत काय झालंय? 'इन कॅमेरा शवविच्छेदन' अशा बातम्या वाचून वाचून लोकांच्या मनात त्याचा अर्थ चित्रीकरण असा पक्का बसलाय. एका मुलीची आई माझ्या दुकानात लोहाच्या गोळ्या घ्यायला आली होती. दुकान रिकामं होईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, तिची साक्ष कॅमेऱ्यात घेणार म्हणे. मग ते सगळ्यांना दिसेल का?" तिच्या मनात साक्षच नको असं चाललं होतं. जी गोष्ट तिला धीर द्यायला केलेली, तिच्या नावानंच ती हादरली होती. मी तिला सांगितलं की तुझ्या पोरीला कोणी बघू नये म्हणूनच दार लावतात. पण हे तिला मेडिकलच्या काउंटरवर का कळावं? सरकारी वकील, मुलीचे वकील, पोलीस, एवढी शिकलेली माणसं मध्ये होती.

ज्यांच्याकडून हे लॅटिन आपल्याकडे आलं, त्या इंग्रजांनी स्वतःच्या घरात काय केलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यांच्या पार्लमेंटनं कायदा करून १७३३ पासून कोर्टाच्या नोंदींतलं लॅटिन बंद केलं, कारण ज्याच्यावर खटला चालतो त्यालाच तो कळत नव्हता. उरलंसुरलं १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांत काढलं: तिथे 'एक्स पार्टे'ऐवजी आता 'नोटिशीविना' म्हणतात आणि 'इन कॅमेरा'ऐवजी 'खासगीत'. आपल्याकडेही कंपनी सरकारनं १८३७ मध्ये कोर्टकचेरीतली फारसीची सक्ती उठवायचा कायदा केला होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयात इंग्रजी चालणार, म्हणजे आमचं प्रकरण छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेलं की तिथे लॅटिनही असणार, हे मी समजून घेते. पण तालुका आणि जिल्हा कोर्टाची भाषा मराठी आहे. तिथे ही सबब चालत नाही. इतकंच काय, वनस्पतीशास्त्रज्ञ, ज्यांचं लॅटिनशिवाय पानही हलत नव्हतं, त्यांनीही १ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट सोडली. नाव लॅटिन, वर्णन इंग्रजीतही चालेल. हे मला पटतं: नाव तुमचं राहू द्या, वर्णन कळेल असं करा.

परकं ते सगळं वाईट, असंही मी म्हणत नाहीये. वकील, फिर्याद, हुकूम, तारीख हे शब्द फारसी-अरबीतूनच आले आणि घरचे झाले. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जपलेल्या जुन्या मोडी कागदांच्या काळापासून ते आपल्यात आहेत. 'वगैरे'सुद्धा अरबी, आणि 'एट सेटेरा'चंच काम करतो. लॅटिनही आपल्याकडे रुळलंय. शाळेतून बोनाफाईड आणतो. ग्रामसभेचा कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते, हे शेंबडं पोरही सांगेल. दिवाळीला बोनस मागतो, रोज मोबाइलवर स्टेटस ठेवतो, आणि ज्या एसटी बसनं माझी गिऱ्हाइकं येतात ती 'बस' म्हणजे 'ओम्निबुस'चं शेपूट, अर्थ 'सगळ्यांसाठी'. हे शब्द कोणाला अडत नाहीत, कारण ते रोज तोंडात असतात आणि चुकले तरी कोणाच्या किडनीवर बेतत नाही. 'टीडीएस' आणि 'एक्स पार्टे' माणसाच्या आयुष्यात अचानक येतात, तेही तो घाबरलेला असताना.

तेव्हा मागणं काय, ते सांगते. डॉक्टरसाहेब, चिठ्ठीच्या औषधांच्या यादीखाली चार ओळींची जागा मोकळी सोडा आणि तिथे मराठीत लिहा: कधी, किती, किती दिवस, आणि कशाच्या आधी किंवा नंतर. तुम्हाला वेळ नसेल तर तुमच्या बाहेरच्या टेबलावरच्या ताईला लिहायला सांगा, तिला रुग्णाची बोलीही जास्त येते. लेटरपॅड छापताना सूर्य आणि चंद्र छापून घ्या, खर्च तेवढाच येतो. 'युनिट' पूर्ण लिहा. आठवड्याच्या गोळीला वार लिहा. आम्ही आमच्या बाजूनं स्ट्रिप कापून देताना ती खाकी पाकिटात घालून त्यावर नाव, मुदत आणि वेळ लिहायची, असं मी माझ्या दुकानात सुरू केलंय, आणि आजूबाजूच्या तीन-चार मेडिकलवाल्यांशी बोलणं चालू आहे. एक दादा म्हणाले, "पाकिटाचे पैसे कोण देणार?" हा प्रश्न खरा आहे. सध्या मी देते.

वकीलसाहेब, तुमच्याकडून एवढंच, की हुकुमाची नक्कल हातात देताना तिच्या पाठीवर दोन ओळी लिहून द्या: काय ठरलं, आणि आशिलानं कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं किंवा करायचं नाही. सही नका करू हवं तर, पेन्सिलनं लिहा. तारीख मात्र लिहाच. अत्याचाराच्या प्रकरणात 'इन कॅमेरा' हा शब्द मुलीच्या घरच्यांपुढे उच्चारूच नका. 'बंद दाराआड' म्हणा आणि आत कोण कोण असेल ते नावानिशी सांगा.

जिल्ह्याच्या डॉक्टर संघटनांना आणि तालुक्याच्या वकील संघांना या पत्राची प्रत पाठवते आहे. उत्तर देणार असाल तर मराठीत द्या, अहिराणीत दिलंत तर अधिकच बरं.

आपली,
शिरपूर तालुक्यातली एक मेडिकलवाली

ता. क. जनावरांच्या डॉक्टरांना वेगळं पत्र लिहीत नाही, पण हे त्यांनाही आहे. बैलाच्या चिठ्ठीवरही 'बीडी' असतं, आणि बैल तर विचारायलाही येत नाही. जंताच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. चिठ्ठीत 'एका वेळी इतक्या मिली, या वजनाच्या जनावराला, पुन्हा इतक्या दिवसांनी' असं लिहिलंत तर गोठ्यातला सालदारसुद्धा बरोबर पाजेल. गाय दुभती असेल तर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा; ते आजपर्यंत मी एकाही चिठ्ठीवर पाहिलेलं नाही, कुठल्याच भाषेत.